ग्रानादाला पहिल्यांदा जाताना

आपल्या प्रवासाच्या बेतात आपण दक्षिण स्पेनमधील ग्रानादा शहरासाठी एकच दिवस राखून ठेवला आहे, असे दिसते. शक्य असेल, तर तिथे दोन रात्री मुक्काम करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सर्वांत आधी अल्हाम्ब्रा या टेकडीवरील किल्लेवजा राजवाडा-संकुलाचे तिकीट काढा आणि मगच विमानाचे व हॉटेलचे पाहा, कारण ही तिकिटे अनेक दिवस आधी संपतात आणि नवखे प्रवासी नेमके इथेच फसतात. तिकिटावर संकुलातील नासरी राजवाड्यांत, म्हणजे ग्रानादाच्या शेवटच्या मुस्लिम राजघराण्याच्या महालांत, शिरण्याची ठरलेली वेळ असते. परिसर विस्तीर्ण आहे, त्यामुळे तिथल्याच हेनेरालिफे या उन्हाळी महालाच्या बागांत रेंगाळून ती वेळ चुकवू नका. पासपोर्ट जवळ असू द्या.

आत गेल्यावर सिंहांच्या चौकाचे छायाचित्र घेऊन लगेच पुढे सरकण्याची घाई करू नका. बारा संगमरवरी सिंहांकडे जरूर पाहा, परंतु त्याहून अधिक वेळ भिंतींना द्या. ‘अल्लाहखेरीज कोणीही विजेता नाही’ हे नासरी घराण्याचे बोधवाक्य गिलाव्याच्या नक्षीत पुन्हा पुन्हा कोरलेले आहे. अरबी येत नसली, तरी तीच वळणे थोड्या वेळाने डोळ्यांना ओळखू येऊ लागतात आणि तो क्षण फार सुंदर असतो.

दुसऱ्या दिवशी, १४९२ मध्ये हे शहर जिंकणाऱ्या इसाबेल राणी व फेर्नांदो राजा यांच्या समाध्या राजेशाही चॅपेलमध्ये पाहा आणि संध्याकाळी अल्बाइसिन या जुन्या वस्तीच्या चढावरून सान निकोलासच्या सज्ज्यापर्यंत, म्हणजे तिथल्या उंचावरच्या मोकळ्या चौकापर्यंत, चालत जा. तिथल्या गल्ल्या गोट्यांनी फरसबंद केलेल्या आहेत, म्हणून चांगली पकड असलेले बूट घाला. कोर्दोबा आणि सेव्हिया ही दक्षिण स्पेनमधील इतर शहरे पुढच्या खेपेला पाहता येतील.