दोन सिझर आणि अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यावर योनीमार्गातून नसबंदी करता येते का?

ताई, करता येते. तुमची दोन सिझर झालीत, लहानपणी अपेंडिक्स काढलंय आणि आता पुन्हा पोटावर सुरी नको, हे अगदी समजण्यासारखं आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. अशा पोटात खालची वाट कधीकधी जास्त बरी पडते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पहिली सुई किंवा नळी बेंबीतून बहुधा अंदाजानेच आत घालतात. जुन्या टाक्यांखाली आतडं चिकटलेलं असेल तर इजा होते ती तिथेच. खालून जाताना गर्भपिशवीच्या तोंडामागे योनीला छोटासा छेद दिला की पिशवी आणि गुदाशय यांच्यामधल्या खळग्यात थेट उतरता येतं. सिझरचं चिकटणं बहुतेक पुढे, मूत्राशयाच्या बाजूला असतं, मागे मोकळं असतं. तिथून गर्भनलिका खाली ओढून बांधतात किंवा काढूनच टाकतात. हल्ली त्याच छेदातून कॅमेरा घालूनही करतात.

तुमच्या बाबतीत मला सिझरपेक्षा अपेंडिक्सची काळजी जास्त वाटते. ते फुटलं होतं का? फुटलं असेल तर पू नेमका याच खळग्यात साचू शकतो आणि नंतर आतडं पिशवीला चिकटून बसू शकतं. आईला विचारा. जुना डिस्चार्जचा कागद सापडला तर सोन्याहून पिवळं!

तपासताना डॉक्टर बोटांनी पिशवी हलते का ते बघतील. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. शिरीष शेठ यांनी एक साधी खूण सांगितली आहे: पिशवीचं तोंड चिमट्यात धरून खाली ओढलं आणि पोटावरची कातडी आत खेचली गेली, तर पिशवी पोटाच्या भिंतीला चिकटलीय असं समजायचं. मग खालून गर्भनलिका हाती लागणं कठीण. नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नका, चिकटलेलं तिच्यात दरवेळी दिसत नाही. एंडोमेट्रिऑसिस (पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) असेल तरी हा मार्ग शक्यतो टाळावा.

खालून जमलंच नाही तर पोटातून करावं लागेल, हे सही करण्याआधी बोलून घ्या. जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून अँटिबायोटिक देतात आणि साधारण सहा आठवडे संबंध टाळायला सांगतात. पाळी पूर्वीसारखीच येते. सरकारी नसबंदी कार्यक्रमात पोटाला छोटा छेद देऊन किंवा दुर्बिणीने करतात, खालून नाही. त्यामुळे पिशवी खालून काढायचा ज्यांचा रोजचा हात आहे अशा सर्जनकडे जा.

आता न विचारलेलं सांगते. मिस्टरांची बिनटाक्याची नसबंदी तेवढ्या जागेपुरती भूल देऊन वीसेक मिनिटांत होते आणि तुमच्या पोटाचा प्रश्नच उरत नाही. तीन महिन्यांनी वीर्यतपासणी स्वच्छ येईपर्यंत निरोध मात्र वापरावा लागतो. ‘ह्यांना जड कामं असतात’ हे कारण मी ओपीडीत सारखं ऐकते. थोड्या दिवसांच्या विश्रांतीनंतर पोती उचलायलाही हरकत नसते. ते तयारच नसतील तर कॉपर टीसारखंच पिशवीत बसवायचं, पण तांब्याऐवजी हार्मोन सोडणारं साधन असतं, त्याबद्दलही विचारून घ्या, त्याचा भरवसा नसबंदीइतकाच आहे.