चेहऱ्याला रोज मसाज करूनही मन शांत का होत नाही?

"रोज रात्री चेहऱ्याला मसाज करते, तरी डोकं थांबत नाही. उलट झोपताना जास्तच चिडचिड होते." ठाण्यात माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींच्या बोलण्यात ही तक्रार असते. त्यातल्याच एकीला मृणाल म्हणू. नाव आणि तपशील बदलले आहेत. ऐरोलीत आयटीतली नोकरी, घर घोडबंदर रोडला.

"मसाज करताना समोर काय असतं?"

"आरसा. आणि मोबाईल, रील बघत करते."

"हात चालू असताना डोळे काय शोधतात?"

जरा थांबून म्हणाली, "डबल चिन. आणि गालावरचे डाग."

म्हणजे रोज रात्री वीस मिनिटं स्वतःच्या चेहऱ्याची झडती. मन निवणार कसं? पण आरशाबद्दल मी लगेच काही बोलले नाही. डोळे मिटायला सांगितले, बोटं कानाच्या पाळीपुढे जबड्यावर ठेवायला लावली आणि विचारलं, "आत्ता दात एकमेकांना टेकलेत का?"

"हो. टेकलेलेच असतात ना?"

नसतात. चावणं आणि गिळणं सोडलं तर ओठ मिटलेले, दातांत थोडी फट आणि जीभ टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची विसाव्याची स्थिती. मग दात आवळून सैल सोडायला सांगितले. बोटांखाली स्नायू टणक होऊन फुगला आणि ओसरला. तिने तीन-चारदा तेच करून पाहिलं. डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "मॅडम, हा दिवसभर असाच असतो. मॅनेजरचा कॉल आला की तर नक्कीच!"

आरशात जबडा रुंद दिसतो की बारीक एवढंच कळतं. तो आवळलेला आहे हे हाताला कळतं. ताणाबद्दल ती भरभरून बोलायची, पण तो बसतो कुठे हे त्या दिवशी तिच्या बोटांना लागलं. मनाला समजावण्याआधी शरीर सैल करावं, हे माझं जुनं मत. अशा वेळी ते आणखी पक्कं होतं.

तेव्हा आरसा नको, मोबाईल दुसऱ्या खोलीत, वेळ ५ ते ७ मिनिटं. हात धुतलेले, नखं कापलेली. बदामाचं किंवा तिळाचं तेल ४-५ थेंब: कमी पडलं तर कातडी ओढली जाते, जास्त झालं तर बोटं घसरतात आणि स्नायू हाती लागत नाही. मुरुमं येणाऱ्यांनी खोबरेल टाळून रोजचं मॉइश्चरायझर घ्यावं. आधी मान: कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत हलक्या तळव्याने चार-पाच वेळा. गळ्याच्या दोन्ही बाजू एकदम दाबू नका, तिथे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत, गरगरू शकतं. मग दात सुटे ठेवून जबड्यावर दोन बोटांनी लहान गोल, अर्धा मिनिट. तसंच कानशिलांवर. डोळ्यांखाली फक्त अनामिका, तीही जेमतेम टेकवून.

शेवटी कपाळापासून गालांवरून सावकाश हात फिरवा, सेकंदाला साधारण ३ सेंटीमीटर. मंद स्पर्श टिपणारे त्वचेतले मज्जातंतू याच वेगाच्या आसपास सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. घाईच्या चोळण्याला तितका देत नाहीत. श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या.

लोक बिघडवतात ते जोर लावून. दाबल्यावर भुवया आक्रसल्या तर दाब जास्त झाला समजा. पिकलेला मुरुम, उन्हाने भाजलेली त्वचा किंवा त्याच दिवशीचं थ्रेडिंग असेल तर हात लावू नये. सकाळी जबडा दुखत असेल, दात झिजले असतील, तर आधी डेंटिस्टकडे जावं. झोप कित्येक आठवडे उडाली असेल तर नुसत्या मसाजने भागणार नाही.

मृणाल आता जबड्याचा भाग तेलाशिवाय, ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्येच उरकते. "पण मॅडम, सुरकुत्या जातील ना?" हे मात्र तिने विचारलंच. सकाळची सूज थोडा वेळ उतरते, त्यापलीकडे मी काही कबूल करत नाही. सुरकुत्यांसाठी सनस्क्रीन लावा म्हटलं, दिवसा, ढगाळ असलं तरी.