रविवारी शेल्टरमध्ये जाणारी मुलगी

ऐरोलीहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेले ८ महिने दर रविवारी ती लोकलने ठाणे आणि तिथून बसने घोडबंदर रोडकडच्या एका शेल्टरमध्ये जाते आणि दत्तक द्यायच्या कुत्र्या-मांजरांचे फोटो काढते. पैसे मिळत नाहीत. आता तिला ६० हजारांचा कॅमेरा हवाय. आई विचारतात, "कुत्र्यांचे फोटो काढून कुणाचं पोट भरतं का? की ही अभ्यासातून पळवाट आहे?"

ताई, पत्रासोबत तिचे ७ फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत.

पहिला फोटो अगदी सुरुवातीचा असावा. पिंजऱ्याच्या गजांमधून काढलेला, त्यात फ्लॅश मारलेला, त्यामुळे कुत्र्याचे डोळे हिरवे चमकतायत. कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परत फेकणारा थर असतो, म्हणून असं होतं. बघणाऱ्याला मात्र ते जनावर भीतीदायक वाटतं.

शेवटचा फोटो मी परत परत उघडून बघितला. काळाकुळकुळीत देशी कुत्रा, मागचा एक पाय नाही. काळ्या जनावराचा फोटो काढणं अवघड, चेहऱ्याच्या जागी नुसता डाग दिसतो. तिने त्याला शेडच्या कडेला, उन्हात नाही पण उजेडाकडे तोंड करून बसवलंय. कॅमेरा त्याच्या नजरेच्या उंचीवर आहे, म्हणजे ही मुलगी जमिनीवर पालथी पडली असणार. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा ठिपका आलाय. नसबंदी झाल्याची कानाची खाच स्पष्ट दिसते. नसलेला पाय तिने लपवला नाही, आणि दया यावी म्हणून पुढेही केला नाही. खाली लिहिलंय: वय अंदाजे ३, लसी पूर्ण, मांजरांशी पटतं, जिने चढायला वेळ लागतो.

ते शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारं कुटुंब ते वाचून थांबेल, तळमजल्यावरचं फोन करेल. चुकीच्या घरात गेलेलं कुत्रं परत शेल्टरमध्ये येतं, आणि दुसऱ्यांदा सोडून दिल्याचे हाल त्यालाच सोसावे लागतात. कुणाशी बोलतोय, काय दाखवायचं, काय दडवायचं नाही, हे जाहिरातीच्या कामाचं मूळ आहे आणि तुमची मुलगी ते खऱ्या जिवांसाठी करतेय. याला पळवाट म्हणू नका.

आता पोटाचं. फक्त पाळीव प्राण्यांच्या फोटोंवर घर चालवणारे आपल्याकडे थोडेच, त्यामुळे त्या एकाच कामावर भिस्त ठेवा असं मी म्हणणार नाही. पण सांगून न ऐकणाऱ्या जिवाचा फोटो ज्याला जमतो, त्याला लहान मुलांचा जमतो, लग्नातल्या गडबडीतला जमतो. सामाजिक संस्थांनाही फोटो आणि मजकूर दोन्ही करणारी माणसं लागतात. तिसऱ्या वर्षाला तिने जाहिरात हा विषय घ्यावा. पदवीनंतर गांधीनगरच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, फोटोग्राफी डिझाइनचं एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) आहे. तिथे मुलाखतीत कामाचे नमुने बघतात, आणि तिचे नमुने आत्ताच तयार होतायत. एक वही मात्र आजपासून ठेवायला सांगा: फोटो कधी काढला, जनावर घरी गेलं का, किती दिवसांनी गेलं. चांगला फोटो सगळेच दाखवतात. फोटोने काय झालं हे सांगणारे कमी असतात.

तब्येतीबाबत मी कडक आहे. चावा बसण्याआधी घ्यायची रेबीजची लस असते, ती डॉक्टरांना विचारून घ्याच. लस घेतलेली असली तरी चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती असते, तेव्हा तिथे चपला नकोत, बंद बूट हवेत.

गेल्या महिन्यात एका रविवारी ती न जेवता झोपली असं तुम्ही लिहिलंय. शेल्टरमध्ये सगळीच जनावरं वाचत नाहीत. त्या रात्री "म्हणूनच सांगत होते, जाऊ नकोस" असं म्हणू नका. कोण गेलं, त्याचं नाव काय होतं, एवढंच विचारा.

कॅमेऱ्याचं तिचं मागणं खोटं नाही. शेडच्या कमी उजेडात हलणारं कुत्रं मोबाइलवर अस्पष्ट येतं. पण ६० हजार आत्ता नकोत. कुणी वापरलेली जुनी कॅमेरा बॉडी आणि ५० एमएमची एक साधी लेन्स पुरे. त्यातले निम्मे पैसे तिने कमवावेत. तुमच्या आणि आसपासच्या सोसायट्यांत कुत्री-मांजरं पाळणारे असतीलच, त्यांच्याकडे तिने ठरावीक दर सांगून काम मागावं. शेल्टरचं काम फुकट, बी विंगमधल्या लॅब्रॅडॉरचं नाही. दिवाळीपर्यंत अशी ३ कामं मिळतात का ते बघा, आणि मला कळवा.