बॅकअप सॉफ्टवेअर: एकाच डिरेक्टरीत की विखुरलेले?

प्रश्न: आमच्या लिनक्स सर्व्हरवर बॅक्युला हे बॅकअप सॉफ्टवेअर आम्ही सोर्समधून कंपाइल करून बसवणार आहोत. काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे की सर्व फाइली /ऑप्ट/बॅक्युला या एकाच डिरेक्टरीत ठेवाव्यात; इतरांच्या मते युनिक्सच्या रिवाजाप्रमाणे प्रोग्रॅम, कॉन्फिगरेशन आणि डेटा वेगवेगळ्या जागी असावेत. आम्ही कोणती पद्धत स्वीकारावी?

उत्तर: आपण स्वतः कंपाइल करणार असाल, तर प्रोग्रॅम आणि कॉन्फिगरेशन एकाच डिरेक्टरीत ठेवावे, असे माझे मत आहे, बॅकअपचा डेटा मात्र तिथे मुळीच ठेवू नये.

आपल्या सहकाऱ्यांनी सांगितलेला रिवाज निराधार नाही. 2015 मध्ये आलेल्या फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डच्या (कोणत्या फाइली कुठे असाव्यात हे सांगणाऱ्या मानकाच्या) 3.0 आवृत्तीनुसार /ऑप्ट मधील पॅकेजचेही कॉन्फिगरेशन /ईटीसी/ऑप्ट मध्ये आणि बदलता डेटा /व्हार/ऑप्ट मध्ये जायला हवा. वितरणाकडून आलेल्या तयार पॅकेजच्या बाबतीत ही विभागणी त्रासदायक ठरत नाही, कारण कोणती फाइल कुठे गेली याची नोंद पॅकेज मॅनेजरकडे असते. सोर्समधून बसवलेल्या सॉफ्टवेअरची अशी नोंद कुणाकडेच नसते. वर्षभराने नवी आवृत्ती बसवताना किंवा जुनी काढताना /एसबिन, /ईटीसी आणि /व्हार अशा तीन ठिकाणी शोधाशोध करण्यापेक्षा एकच डिरेक्टरी समोर असणे कितीतरी सोयीचे. कॉन्फिगरेशन पुसले जाईल ही भीती बाळगू नये. 'मेक इन्स्टॉल' ही बसवण्याची आज्ञा दिल्यावर बॅक्युला आपल्या जुन्या कॉन्फिगरेशन फाइली तशाच ठेवून नव्या फाइली 'न्यू' हे शेपूट लावून शेजारी ठेवते.

मांडणी ठरवताना सर्व्हरची डिस्क गेली आहे, अशी कल्पना करून विचार करावा. प्रोग्रॅम पुन्हा मिळवता येतो. मिळत नाहीत त्या कॉन्फिगरेशन फाइली, कॅटलॉग (बॅकअप घेतलेल्या फाइलींची नोंद ठेवणारा डेटाबेस) आणि बूटस्ट्रॅप फाइली, म्हणजे कोणत्या व्हॉल्यूमवर (बॅकअप साठवलेल्या टेपवर किंवा फाइलमध्ये) काय कुठे आहे हे सांगणाऱ्या लहानशा मजकूर फाइली. या बूटस्ट्रॅप फाइली नमुना कॉन्फिगरेशनप्रमाणे त्याच सर्व्हरवरील वर्किंग डिरेक्टरीत (बॅक्युलाच्या कामाच्या फाइलींच्या जागेत) लिहिल्या जातात, त्यामुळे ज्या दिवशी त्यांची गरज भासते त्याच दिवशी त्या डिस्कबरोबर गेलेल्या असतात. त्यांची आणि कॅटलॉगच्या डंपची प्रत रोज दुसऱ्या मशीनवर पाठवण्याची व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी.

आता डेटाविषयी. बॅक्युलाच्या मूळ नमुना कॉन्फिगरेशनमध्ये डिस्कवरील बॅकअपची जागा /टीएमपी अशी दिलेली असे. चाचणीपुरते ते ठीक, परंतु अनेक प्रणालींवर /टीएमपी रीबूटनंतर रिकामी होते, म्हणून स्टोरेज डीमनच्या, म्हणजे बॅकअप प्रत्यक्ष साठवणाऱ्या, पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कॉन्फिगरेशन फाइलमधील 'आर्काइव्ह डिव्हाइस' ही ओळ सर्वप्रथम तपासावी. बॅकअपसाठी स्वतंत्र पार्टिशन असावे आणि ते शक्यतो वेगळ्या डिस्कवर असावे. इथे एक अडचण हमखास येते: बूटच्या वेळी ते पार्टिशन माउंट झाले (डिरेक्टरीला जोडले गेले) नाही, तर माउंट पॉइंट, म्हणजे ते जिथे जोडायचे ती जागा, ही रूट पार्टिशनवरील एक साधी रिकामी डिरेक्टरी असते, सॉफ्टवेअर निमूटपणे तिच्यातच लिहीत राहते आणि सकाळपर्यंत रूट पार्टिशन भरून सर्व्हर अडतो. पार्टिशन अनमाउंट असताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला इम्यूटेबल (बदल करू न देणारा) गुणधर्म लावून ठेवला, तर तिथे रूटलाही लिहिता येत नाही आणि जॉब ताबडतोब त्रुटी दाखवून थांबतो. गाजावाजा करून अपयशी ठरणारा बॅकअप मला केव्हाही परवडतो. हीच डिरेक्टरी फाइलसेटमधून (कशाचा बॅकअप घ्यायचा त्या यादीतून) वगळावी, नाहीतर बॅकअप स्वतःचाच बॅकअप घेऊ लागेल.

उलट बाजूनेही एक फसगत होते. बॅक्युला डीफॉल्टने एका फाइलसिस्टिममधून दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये उतरत नाही. आपले /ऑप्ट किंवा /व्हार स्वतंत्र पार्टिशनवर असेल आणि फाइलसेटमध्ये केवळ '/' लिहिले असेल, तर त्या भागाचा बॅकअप होणारच नाही, म्हणून प्रत्येक पार्टिशनचा उल्लेख वेगळा करावा.

कॉन्फिगरेशन फाइलींमध्ये पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. त्यांची मालकी रूटकडे आणि परवानगी 640 ठेवून, डायरेक्टर (बॅक्युलाचा मुख्य नियंत्रक डीमन) ज्या ग्रुपखाली चालतो त्यालाच वाचण्याचा हक्क द्यावा.

प्रश्न: पीआयडी फाइलींसाठी (चालू प्रोग्रॅमचा प्रोसेस क्रमांक नोंदणाऱ्या फाइलींसाठी) /व्हार/रन मध्ये आम्ही हाताने एक डिरेक्टरी तयार केली होती. रीबूटनंतर ती नाहीशी झाली आणि डीमन सुरू होईनात. असे का?

उत्तर: आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांत /व्हार/रन ही /रन ची लिंक असते आणि /रन मेमरीत असते, त्यामुळे प्रत्येक बूटला ती कोरी होते. ही डिरेक्टरी सर्व्हिस सुरू होताना तयार व्हावी अशी तरतूद सिस्टिमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रणालीच्या) युनिट फाइलमध्ये 'रनटाइम डिरेक्टरी' या ओळीने करता येते. डीमनच्या स्टेट फाइली (आधीच्या कामाची स्थिती जपणाऱ्या फाइली) मात्र तिथे ठेवू नयेत. त्या रीबूटनंतरही टिकाव्या लागतात, म्हणून त्यांची जागा वर्किंग डिरेक्टरीत.