पुण्यात घरी पाणी तापवायला हीट पंप बसवतोय. टीओडी मीटर (वापराच्या वेळेप्रमाणे दर लावणारा) घ्यावा की जुनाच बरा? रात्री चालवला तर वीज स्वस्त पडते का?

रात्री नाही. दुपारी चालवा. आणि दर निवडायचा म्हणाल, तर निवडायला आहे काय? मुंबईत दोन वीज कंपन्यांची तुलना करत बसता येतं, पुण्यात महावितरण. तुमच्या हातात एवढंच की मीटर कुठला आणि पंप किती वाजता. या ‘किती वाजता’वरून आमच्याकडे अर्धा हिवाळा वाया गेलाय, म्हणून लिहितोय.

आमचे मेहुणे भोसरीला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्त झाले, पण कारखाना डोक्यातून गेला नाही. २०२४च्या नोव्हेंबरात आम्ही गच्चीवर २०० लिटरचा हीट पंप बसवला, तर हे टायमर लावायला स्वतः हजर. “दाजी, रात्री दहा ते सहा. रात्रीची वीज स्वस्त असते, आयुष्य गेलं माझं त्यात.” कारखान्यात ते खरंच होतं, उच्चदाब उद्योगांना रात्री युनिटमागे दीड रुपया सूट असायची. पण माझ्या घरी साधं मीटर! रात्री दोनचं युनिट आणि दुपारी दोनचं युनिट त्याला सारखंच. मी हे म्हटलं तर बायकोने डोळे मोठे केले. भावासमोर वाद नको. गप्प बसलो.

डिसेंबरचं बिल आलं ३१२ युनिटचं. गीझर होता तेव्हा हिवाळ्यात ३६० जायचे. लाखभर रुपये घालून अठ्ठेचाळीस युनिट वाचले! हिशेब साधा आहे. २०० लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला गीझरला सात युनिट लागतात. हीट पंप हवेतली उष्णता ओढतो, म्हणून त्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात, सव्वादोन-अडीच युनिटांत भागायला हवं. म्हणजे महिन्याला १४० युनिट कमी, बिल २२० च्या आसपास. मग वरचे नव्वद जातात कुठे?

मेहुणे म्हणाले मीटर फास्ट आहे. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने फोनवर सांगितलं, “सर, थंडीत असंच असतं.” शेवटी पहाटे साडेचारला माकडटोपी घालून, टॉर्च घेऊन मीटरसमोर जाऊन उभा राहिलो. घर झोपलेलं, फ्रिज सोडून काही चालू नाही, आणि मीटरचा तांबडा दिवा नुसता फडफडतोय. तासाभरात दोन युनिटांहून जास्त! तेव्हा उलगडा झाला. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारावर येतो. गार हवेतून पंपाला उष्णता कमी मिळते, तो रेंगाळतो, टाकी वेळेत साठ अंशांला पोचत नाही. मग टाकीतली दोन किलोवॅटची कॉइल आपोआप लागते. म्हणजे महागडं खोकं घेऊन पहाटे मी गीझरच चालवत होतो.

त्याच दिवशी टायमर दुपारी बारा ते चार केला, कॉइल बंद केली, तापमान बावन्नवर आणलं. दुपारी हवा अठ्ठावीस-तीस अंश, पंप दोन-अडीच तासांत मोकळा. सकाळपर्यंत पाणी चार-पाच अंश उतरतं, पण चौघांच्या आंघोळी आरामात होतात. पुढचं बिल २२५.

आता तुमचा टीओडी. २०२५च्या जुलैपासून ज्यांच्याकडे ते मीटर आहे, त्यांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सूट सुरू झाली. दिवसा सौरवीज भरपूर असते, म्हणून. मीटर मिळत असेल तर घ्या, बदलायचे पैसे पडत नाहीत. पण हुरळू नका. पंपाचे महिन्याचे सत्तर युनिट धरले तर ही सूट होते छप्पन्न रुपये. खरा पैसा स्लॅबमध्ये आहे. शंभर, तीनशे, पाचशे युनिट ओलांडले की दर वाढतो, असे टप्पे; वाचलेलं प्रत्येक युनिट वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतं, आणि त्यावरचा वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) अन् १६ टक्के वीज शुल्कही त्याच्याबरोबर जातं. आम्ही तीनशेच्या खाली आलो, तो फरक छप्पन्न रुपयांच्या कितीतरी पुढचा होता.

सोसायटीच्या कॉमन मीटरवर मोठा पंप बसवणार असाल तर गणित वेगळं. लिफ्ट आणि पाण्याचे पंप तिथे आधीच पाचशेच्या पलीकडे असतात, त्यामुळे तुमच्या पंपाचं पहिलं युनिटसुद्धा सगळ्यात वरच्या दराने. घरटी वेगळं परवडतं का ते आधी बघा. आणि हो, बावन्नवर कायम ठेवू नका, आठवड्यातून एकदा टाकी साठच्या वर न्या, नाहीतर कोमट पाण्यात जंतू वाढतात. तेवढ्यापुरती कॉइल लागली तरी चालेल.

मेहुणे अजून म्हणतात की थंडी कमी झाली म्हणून बिल उतरलं. मी दोन्ही बिलं फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली आहेत. आता उद्योगांचीही सूट रात्रीवरून दिवसाकडे सरकली आहे, हे मी त्यांना गुढीपाडव्याला श्रीखंड वाढताना सांगितलं. “असेल,” म्हणाले, आणि पुरी मागितली.