मेहसाण्याला निघण्याआधी

भोसरीच्या टेस्ट बेंचवर तू टर्बाइन मीटर (प्रवाहाने फिरणाऱ्या चक्रावरून किती द्रव गेला ते मोजणारा) पाण्यावर तपासलास, आकडा चोख आला. पण मेहसाण्याच्या तेलविहिरीवर फ्रॅक्चरिंगला, म्हणजे दाबाने खडकाला भेगा पाडायला, ग्वारगमचं दाट जेल असतं. चिकटपणा बदलला की दर लिटरमागचे पल्स बदलतात, तेव्हा पाण्यावर काढलेला के-फॅक्टर (हाच तो दर लिटरमागच्या पल्सचा आकडा) डोळे झाकून वापरू नकोस. सक्शनमध्ये हवा शिरली की चक्र गरगर फिरतं आणि मीटर जास्तच दाखवतो. मॅग्नेटिक मीटर ॲसिडला छान, पण डिझेलवर काही कामाचा नाही, डिझेलमधून वीजच वाहत नाही.

माझ्या सुरुवातीच्या एका जॉबला मीटर 200 बॅरल सांगत होता. टाकीत काठी बुडवली, ओली खूण बोटाने धरली, तर 170च गेलेले! तेव्हापासून वहीत तीन आकडे शेजारी-शेजारी लिहितो: मीटर, पंपाचे स्ट्रोक (दट्ट्याच्या फेऱ्या), टाकीची पातळी. 1 बॅरल म्हणजे साधारण 159 लिटर, हे पाठच कर.

हे तिन्ही, भेगा उघड्या ठेवणारी वाळू जेलमध्ये सोडण्याआधी जुळव. वाळू विहिरीत असताना पंप थांबला, तर ती तिथेच बसते, आणि मग ती धुऊन काढण्यात दिवस जातात. दर वाढवायचा तो हळूहळू, प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवून. आकडे जुळले नाहीत तर सरळ सुपरवायझरना सांग, संकोच करू नकोस.