पणजीचं कुंकू काळं का?

प्रश्न : आमच्याकडे पणजी-पणजोबांचा जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो आहे, १८९० च्या आसपासचा असं घरात म्हणतात. पणजीचं कुंकू ठार काळं दिसतं, दोघंही रागावल्यासारखी बसलीत. चुलतभाऊ म्हणतो फोटो खराब झालाय, कुंकू लाल रंगवून घेऊया. रंगवू का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : अहो नको! कुंकू लालच असणार, त्या काळी फोटो रसायन लावलेल्या काचेवर काढायचे आणि त्या काचेलाच लाल रंग दिसायचा नाही. निळा उजेड तिला लगेच लागायचा, म्हणून आभाळ पांढरंफेक आणि लाल लुगडं काळं यायचं.

आणि ती काच तयार करणं म्हणजे काय कटकट! १८५१ मध्ये आर्चर नावाच्या इंग्रजाने ओल्या काचेची पद्धत काढली. ॲसिडमध्ये मुरवलेला कापूस इथर-अल्कोहोलात विरघळवायचा, ते चिकट कोलोडियन काचेवर ओतून काच हलकेच कलती करत चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचं, उरलेलं परत बाटलीत, मग अंधाऱ्या खोलीत सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून धुवायची, सगळं दहा-पंधरा मिनिटांत, काच सुकली की मेहनत पाण्यात. आपल्या मे महिन्यात इथर किती भराभर उडत असेल बघा! नायट्रेटने बोटं काळी पडायची, ती घासायला काहीजण चक्क सायनाइड वापरायचे.

तुमच्या फोटोच्या सुमाराला तयार सुक्या काचा मिळायला लागल्या होत्या, पण साध्या सुक्या काचेलाही लाल दिसत नसे, म्हणजे नुसत्या कुंकवावरून फोटो कुठल्या पद्धतीचा ते सांगता येणार नाही.

रागाचं म्हणाल तर काही सेकंद हलायचं नाही म्हटल्यावर हसू कोण धरून ठेवणार? मानेमागे लोखंडी स्टँडचा चिमटा असायचा, पणजोबांच्या पायांमागे त्याची बैठक दिसते का बघा. (तो दिसला की मेलेल्या माणसाचा फोटो, असं व्हॉट्सॲपवर फिरतं ते खोटं, त्या स्टँडला प्रेताचं वजन पेलणारच नाही.)

फोटो पिवळट असेल तर काचेवरून तो ज्या कागदावर छापला त्याला बहुतेक अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप असणार, त्यामुळे ओलं फडकं अजिबात लावू नका. स्कॅन करून घ्या आणि भावाला त्या कॉपीवर हवं तेवढं कुंकू लावू दे, मूळ फोटो मात्र पावसाळ्याआधी ओल येणाऱ्या भिंतीवरून उतरवून कोरड्या कपाटात ठेवा.